रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा: त्या क्षणी काय करायचं आणि तो येऊ नये म्हणून काय

आत्ता, या क्षणी पायात गोळा आलेला असताना हे वाचत असाल तर बाकीचं राहू द्या. गुडघा सरळ करा, पायाची बोटं नडगीच्या दिशेने वर ओढा आणि तशीच धरून ठेवा. हात पोचत नसेल तर पलंगाच्या कडेला बसा, पाय पुढे पसरून टाच जमिनीला टेकवा आणि चवडा जमेल तितका वर उचला. श्वास रोखून धरू नका. गोळा सुटला की पुढचं वाचा.

रात्रीचा गोळा बहुतेक वेळा पोटरीतच येतो. कधी तळपायाच्या कमानीत, कधी मांडीत. झोपेत कूस बदलताना किंवा पहाटे आळस देताना पाय ताणला जातो, आणि पोटरीचा स्नायू एकदम आवळतो. हात लावून पाहिला तर गाठ बोटांना स्पष्ट लागते. बारीक पायांच्या माणसाच्या पोटरीवर ती कातडीखाली उंचवटा होऊन दिसतेही. चवडा आपोआप खाली वळतो, अंगठा वाकडा होतो आणि कितीही ठरवलं तरी स्नायू सैल सोडता येत नाही. हे काही सेकंदांत संपतं, नाहीतर मिनिटं खातं; दहा मिनिटंही चालू शकतं. सुटल्यावर पोटरी दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहते. पन्नाशीनंतर हा त्रास वाढतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अनेकींना होतो. वरचेवर होत असला तरी बहुतेकांच्या बाबतीत तो कुठल्या मोठ्या आजाराचं लक्षण नसतो.

पायात गोळे येतात म्हटलं की लगेच विचारलं जातं, "काय खाऊ?" केळी, मीठ, मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी यादी सुरू होते. खाण्याचा भाग पुढे येईलच, पण माझं मत सुरुवातीलाच सांगते: रात्रीच्या गोळ्याचा इलाज ताटात फारसा नाही. झोपताना पाय कसा असतो आणि दिवसभर पोटरी किती ताणली जाते, यात तो जास्त आहे.

गोळा नेमका का येतो

गोळा आलेल्या स्नायूतली विद्युत हालचाल मोजली की दिसतं ते असं: स्नायूला आज्ञा देणारे मज्जातंतू अतिशय जलद गतीने संदेश धाडत असतात. म्हणजे बिघाड स्नायूच्या मांसात कमी आणि त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूत जास्त.

आता झोपलेल्या माणसाचा पाय पाहा. उताणं झोपलं तर पांघरुणाच्या वजनाने चवडा खाली झुकतो, पालथं झोपलं तर गादीच्या रेट्याने. दोन्ही वेळा पोटरी तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राहते. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेत ताण मोजणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ताण वाढला की ती मणक्याकडे 'आता सैल सोड' असा निरोप पाठवतात. आखडलेल्या स्नायूच्या कंडरेवर ताणच नसतो, म्हणून तो निरोप क्षीण होतो. अशा वेळी स्नायू जरा आकसला की त्याला आवर घालणारं कोणी उरत नाही. सध्या सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे, आणि पाय ताणला की गोळा का सुटतो तेही त्यातून कळतं. ताणल्याबरोबर कंडरेवर भार येतो आणि तो निरोप पुन्हा जायला लागतो.

वय वाढताना कंडरा आखूड होतात, स्नायूंना जाणारे काही मज्जातंतू कमी होतात, चालणं घटतं. साठीतल्या माणसाला तिशीतल्या माणसापेक्षा जास्त गोळे येतात ते यामुळेच.

गोळा आल्यावर: क्रमाने

1. आधी ताडकन उठून उभं राहू नका. अर्धवट झोपेत, अंधारात, एका पायावर भार देता येत नसताना उठणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. वयस्कर माणसांना गोळ्यापेक्षा या पडण्याचाच धोका मोठा. जागच्या जागी उठून बसा आणि दिवा लावा.

2. गुडघा सरळ ठेवा. इथेच बरेच जण चुकतात: दुखतंय म्हणून पाय पोटाशी घेतात आणि पोटरी चोळत बसतात. गुडघा वाकला की पोटरीचा वरचा मोठा स्नायू सैल राहतो आणि ताण बसत नाही.

3. चवडा दोन्ही हातांनी धरून नडगीकडे ओढा. पोट आड येत असेल, कंबर धरली असेल, तर टॉवेल किंवा ओढणी तळपायाच्या बोटांखालच्या भागाला अडकवून तिची दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. ओढ सलग आणि हळूहळू वाढणारी असावी. हिसके देऊ नका. हिसक्याने स्नायू उलट आवळतो.

4. हाताने ओढतानाच पायानेही चवडा वर उचलायचा प्रयत्न करा. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू कामाला लागला की मेंदूपर्यंत न जाता, मणक्यातूनच, मागच्या पोटरीला सैल होण्याचा इशारा मिळतो. आपण नुसतं ओढून घेतो तेव्हा हा फायदा मिळत नाही.

5. अर्धा ते एक मिनिट धरा. गाठ विरघळल्यासारखी वाटली तरी लगेच सोडू नका, कारण चवडा खाली गेला की ती परत येते.

6. मग पलंगाला किंवा भिंतीला धरून उभे राहा, दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकवा आणि हळूहळू भार द्या. जमलं तर चार पावलं टाचांवर चाला.

यानंतर पोटरी घोट्याकडून गुडघ्याच्या दिशेने तळहाताने चोळा. कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक बरा वाटतो. मात्र मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर गरम पिशवी पायाला लावू नका. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. मागे राहिलेल्या ठणक्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं चालतो.

तळपायाच्या कमानीत गोळा आला तर बोटं हाताने वर वळवा आणि अंगठ्याने कमान दाबत न्या, किंवा सरळ उभं राहून तळपाय सपाट टेकवा. मांडीच्या मागे आला तर गुडघा पूर्ण सरळ करून पाय समोर पसरून बसा आणि कमरेतून थोडं पुढे झुका. मांडीच्या पुढच्या बाजूला आला तर उलट: गुडघा दुमडून टाच कुल्ल्याकडे ओढा.

वेदनाशामक औषध गोळ्यावर घेऊन उपयोग नाही. ते पोटातून रक्तात पोचेपर्यंत गोळा कधीच सुटलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्यासाठी एखाद्या वेळी घेतलंत तर गोष्ट वेगळी.

झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं

एकच उपाय करायचा असेल तर हा करा. 2012 साली नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरच्या 80 जणांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे ताण घेतले, अर्ध्यांनी काही केलं नाही. ताण घेणाऱ्यांचे गोळे कमी झाले आणि आले तेही सौम्य. प्रामाणिकपणे सांगायचं तर ब्रिटनमधल्या 2005 च्या एका चाचणीत पोटरी ताणण्याचा फायदा दिसला नव्हता. तरीही मी हाच उपाय पहिला का धरते? खर्च नाही, दुष्परिणाम नाही, आणि गोळा आल्यावर नेमकं जे करून तो सुटतो तेच आपण आधी करून ठेवतो.

भिंतीपासून हातभर-दीड हातावर उभे राहा, दोन्ही तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला टेका. एक पाय पुढे, दुसरा मागे. मागच्या पायाचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट टेकलेली आणि पायाची बोटं नीट भिंतीकडे. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण पाऊल बाहेर वळलेलं असेल तर ताण पोटरीऐवजी पावलाच्या आतल्या कडेवर जातो आणि सगळी मेहनत वाया. आता पुढचा गुडघा वाकवत कंबर भिंतीकडे न्या. मागच्या पोटरीच्या मधोमध ओढ जाणवली की थांबा. ओढ हवी, कळ नको. वीस-तीस सेकंद धरा, सोडा. असं प्रत्येक पायाला तीन वेळा.

मग त्याच स्थितीत मागचा गुडघाही थोडा वाकवा, टाच मात्र उचलू देऊ नका. ओढ खाली, टाचेच्या वर सरकेल. पोटरीत एकाखाली एक दोन स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्या वरच्या हाडाला जोडलेला, म्हणून तो गुडघा सरळ असतानाच ताणला जातो. खालचा मात्र गुडघा वाकल्यावर नीट सापडतो. बहुतेक जण पहिला ताण घेतात आणि दुसरा सोडून देतात.

तिसरा ताण मांडीच्या मागच्या बाजूचा. पलंगाच्या कडेला बसून एक पाय गादीवर सरळ पसरा, दुसरा खाली जमिनीवर. पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुका, हात जिथवर पोचतील तिथवर. वीस सेकंद, तीन वेळा, दोन्ही पायांना.

उभं राहताना तोल जात असेल तर तिन्ही ताण बसून, टॉवेल पायाला अडकवून घेता येतात. कशाचा आधार न घेता मधल्या खोलीत उभं राहून करायची हौस नको.

फरक दिसायला काही आठवडे लागतात. चार रात्री करून 'काही होत नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. त्याच सुमारास पाच मिनिटं घरातल्या घरात चालणं किंवा सायकल व्यायामयंत्रावर हलके पेडल मारणंही काहींना मानवतं. कोमट पाण्याने अंघोळ करून लगेच ताण घेतले तर स्नायू सोपेपणी सुटतात.

अंथरूण

पांघरूण पायाच्या बाजूला गादीखाली घट्ट खोचण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. पांघरूण सैल ठेवा, पायाच्या वर त्याला जागा हवी. उताणं झोपत असाल तर तळपायांशी एक लोड किंवा घट्ट उशी उभी ठेवा, म्हणजे बोटं छताकडे राहतील. पालथं झोपत असाल तर थोडं खाली सरकून पावलं गादीच्या कडेबाहेर लोंबू द्या. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमध्ये उशी घेतली तर पाय आपोआप जरा स्थिर राहतात.

पहाटे आळस देताना बोटं ताणून पुढे करू नका. टाच पुढे ढकलून आळस द्या. बऱ्याच जणांचा गोळा नेमका या एका हालचालीने सुरू होतो.

दिवसभराचं

दिवसभर खुर्चीत बसून राहणं आणि दिवसभर कठीण फरशीवर उभं राहणं, दोन्ही पोटरीला सारखंच जाचतं. तासाभराने उठून टाचा वर-खाली करा, बस्स. उंच टाचेच्या चपला रोज घालणाऱ्यांची पोटरी कायम आखडलेली राहते. टाचा हळूहळू कमी करा, एकदम सपाट चपलेवर आलात तर पोटरी बंड करते. एरवी न चालणारा माणूस सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून आला की त्या रात्री गोळा ठरलेला. व्यायाम वाढवायचा तर टप्प्याटप्प्याने.

रात्री घेतलेलं मद्य आणि गोळे यांचाही संबंध दिसून आला आहे. ऋतूचाही आहे: कॅनडातल्या एका पाहणीत उन्हाळ्याच्या मध्यावर गोळ्यांचा त्रास हिवाळ्याच्या जवळपास दुप्पट आढळला. म्हणून उन्हाळा लागण्याआधी ताण घ्यायला सुरुवात केलेली बरी.

खाणंपिणं आणि गोळ्या-चूर्णं

भरपूर घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ-पाण्याचा उपयोग होतो, हे जुनं ज्ञान आहे. उष्ण खाणीत राबणाऱ्या मजुरांचे पेटके पाण्यात मीठ घालून दिल्यावर कमी झाल्याचं 1920 च्या दशकातच ब्रिटनमध्ये नोंदवलं गेलं. पण ते पेटके कामाच्या वेळी, घामाने येणारे. पंख्याखाली झोपलेल्या माणसाचा गोळा वेगळा. त्याच्या रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासलं तर बहुधा ठीकच निघतं. पाणी पुरेसं प्या, उन्हाळ्यात जास्त प्या, पण झोपताना दोन लिटर ढोसून गोळा टळत नाही, लघवीला मात्र उठावं लागतं.

केळं खा, आवडत असेल तर. गोळ्यासाठी म्हणून खाण्याला फारसा आधार नाही.

मॅग्नेशियमवर सर्वांत जास्त पैसे जातात. 2020 मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला, त्यात वयस्कर माणसांना जाणवेल असा फायदा होण्याची शक्यता कमी दिसली. गरोदर स्त्रियांबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मॅग्नेशियमने जुलाब होतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठून घातक ठरू शकतं. गरोदरपणात घ्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

व्हिनेगर आणि मिठात मुरवलेल्या काकडीचं पाणी ही मात्र गमतीची गोष्ट आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्याने मुद्दाम गोळा आणला आणि त्यांना ते पाणी प्यायला दिलं. साधारण दीड मिनिटात गोळा सुटला, साध्या पाण्यापेक्षा बराच लवकर. तेवढ्या वेळात मीठ रक्तात पोचणं शक्यच नाही. म्हणजे घशाला लागलेल्या तीव्र आंबट चवीनेच मज्जातंतूंना झटका बसून ते शांत होत असावेत. यकृताच्या सिरोसिसच्या रुग्णांमध्येही 2022 च्या एका चाचणीत अशा पाण्याच्या घोटाने गोळ्यांची तीव्रता कमी झाली. गोळा येऊ नये म्हणून याचा उपयोग नाही, आल्यावर एक मोठा चमचाभर पुरे. रक्तदाब किंवा आम्लपित्त असेल तर जपून.

चीनमध्ये पासष्ट वर्षांवरच्या 199 जणांना आठ आठवडे जीवनसत्त्व के-2 (रोज 180 मायक्रोग्रॅम) किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन पाहिली. 2024 मध्ये निष्कर्ष आले: के-2 घेणाऱ्यांना आठवड्याला सरासरी एकाच्या आसपास गोळे आले, दुसऱ्या गटाला साडेतीनच्या पुढे. आशादायक आहे, पण एका चाचणीवर घरातल्या सगळ्यांना सुरू करावं इतकं नाही. आणि रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी तर याला हातही लावू नये, त्या औषधाचा परिणाम जीवनसत्त्व के उलटवतं.

क्विनाईन हे मलेरियावरचं जुनं औषध पायातल्या गोळ्यांवर खरंच काम करतं. तरीही घेऊ नका. रक्तातल्या प्लेटलेट एकाएकी घसरणं, हृदयाची लय बिघडणं असे गंभीर परिणाम झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1994 मध्ये पायाच्या गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवली आणि पुढेही इशारे दिले. जुन्या डब्यात उरलेलं असेल तर टाकून द्या.

गादीखाली साबणाची वडी ठेवण्याचा उपाय ऐकला असेल. त्याला पुरावा नाही. अपायही नाही, तेव्हा कोणी ठेवत असेल तर वाद घालत बसू नका. फक्त ताण घ्यायला लावा.

औषधांकडे आणि वहीकडे एकदा पाहा

गोळे अचानक वाढले असतील तर मागच्या काही महिन्यांत कुठलं नवं औषध सुरू झालं ते आठवा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं, दम्यासाठीचे दीर्घकाळ परिणाम करणारे इनहेलर, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधं यांचा गोळ्यांशी संबंध दिसला आहे. स्वतःहून काहीही बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पर्याय असतो.

उशाशी छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, कुठला पाय, किती वेळ, त्या दिवशी काय वेगळं घडलं. दोन-तीन आठवड्यांत स्वतःचं सूत्र सापडतं: कुणाचा गोळा लांबच्या प्रवासाच्या रात्री, कुणाचा नव्या चपलांच्या.

हा गोळा नसेल तर

पाय सतत हलवावेसे वाटतात, आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं, उठून चाललं की बरं वाटतं, पण गाठ नसते: ही पाय अस्वस्थ राहण्याची वेगळी तक्रार आहे. तिची कारणं निराळी, शरीरातलं लोह कमी असणं हे त्यातलं एक. ताण घेऊन ती जाणार नाही.

चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत उतरते, तेव्हा शंका रक्तवाहिन्यांची. धूम्रपान करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी हे दुर्लक्षू नये.

एकच पोटरी सुजली, गरम किंवा लालसर झाली, दुखणं मिनिटांत न जाता तासन्‌तास राहिलं, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती पोटरी चोळू नका, ताणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, बाळंतपण यानंतर तर वाटच पाहू नका. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

याशिवाय पायाला मुंग्या येणं किंवा बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, स्नायू रोडावणं, गोळे हातांत किंवा पोटातही येणं, रोज रात्री झोपमोड होणं यांसाठी तपासणी हवी. मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, कमरेच्या मणक्यात दबलेली नस ही कारणं डॉक्टर रक्ततपासणीतून आणि पाय पाहून शोधतात. जाताना ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. त्यात इनहेलर आणि आपणहून घेत असलेली जीवनसत्त्वंही लिहा, ती सांगायची हमखास राहून जातात.